फुरसतीचं प्रॅक्टिकल

गाणं थांबलं, पण चेंडू काही थांबला नाही.

विहारासमोरच्या पटांगणात सतरंजीवर बाया गोल बसल्या होत्या, आणि लाल प्लास्टिकचा चेंडू या हातातून त्या हातात असा सरकत होता की कुणाकडे आहे हे कळेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. कुणी हसत नव्हतं, ओरडत नव्हतं. दीप्तीने मोबाइलवरचं गाणं पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. चेंडू आपला चालूच.

"अहो, थांबा ना!" ती वैतागली. "गाणं थांबलं की जिच्या हातात चेंडू, ती आउट. किती वेळा सांगू?"

"आपल्या हाताशी काम थांबलं तं सुपरवायझर बोंबलते ना वं," कौशल्या म्हणाली. "सवय पडली. तू टार्गेट किती हाय तेवढं सांगून टाक, करून देतो."

"टार्गेट नाही मावशी, खेळ आहे हा!"

सगळ्याजणी बुटीबोरीच्या एका कापड कंपनीत कामाला. आज रविवार, सुट्टीचा दिवस. तरी दीप्तीच्या आईने, सिंधूताईने, घरोघरी जाऊन एकेकीला बोलावून आणलं होतं. त्या वेळेवर आल्या, आणि सतरंजीवर टेकण्याआधी प्रत्येकीने बांगड्या काढून पिशवीत टाकल्या, पदर कमरेला खोचला, केसांना घट्ट रुमाल बांधला. मशीनवर उभं राहताना करतात तसंच. कुणी सांगितलं नव्हतं. दीप्तीने तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

कडुनिंबाखाली खुर्ची टाकून परीक्षक बसले होते. मनोरंजन व्यवस्थापनात एम.ए. करणाऱ्या दीप्तीचं हे शेवटचं प्रॅक्टिकल. सगळे नातेवाईक या शिक्षणाला 'खेळायची डिग्री' म्हणत आणि तिने दात-ओठ खात ते ऐकून घेतलं होतं. प्रॅक्टिकल असं, की कामगार वस्तीतल्या माणसांना तासभर फुरसतीचा आनंद मिळवून द्यायचा, आणि तो आनंद परीक्षकांना दिसला पाहिजे. नाही दिसला तर नापास. मग अख्खं वर्ष पुन्हा, आणि वर नातेवाइकांचं हसू.

परीक्षक उठून जवळ आले. कोपऱ्यातल्या अंजनाबाईला त्यांनी विचारलं, "काय बाई, मजा येतेय ना?"

अंजनाबाई ताडकन उभी राहिली. तिच्या पाठोपाठ सगळ्याच उभ्या राहिल्या.

"हो साहेब. काही तकलीफ नाही साहेब."

"सगळं बराबर हाय," सिंधूताई पुढे सरकून म्हणाली. "मॅडम चांगलं शिकवून राहिल्या."

"आई, मॅडम काय म्हणतेस मला!"

"साहेबासमोर म्हणा लागते," आई कुजबुजली. तिला लेकीची बाजू सावरायची होती, आणि ती सावरता सावरता आणखी बुडवत होती.

परीक्षकांनी मान हलवली. "दीप्ती, तुम्ही सांगता आणि या करतात. यात यांच्या मनाचं काय आहे? मला तर शिफ्ट चालू असल्यासारखं वाटतंय." ते परत खुर्चीकडे गेले.

त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणूनच दीप्तीला त्यांचा जास्त राग आला. तिने घाईघाईने भेंड्या सुरू केल्या. बायांनी एकेक ओळ म्हटली, हजेरी दिल्यासारखी, आणि शेजारणीकडे पाहिलं. टाळी नाही, की चिडवाचिडवी नाही. गल्लीत नळावर याच बाया एकमेकींची काय काय टिंगल करतात ते दीप्तीला ठाऊक होतं.

"काहून असं करून राहिल्या तुम्ही?" तिचा बांध फुटला. कॉलेजात घासूनपुसून नीट केलेली भाषा कुठल्या कुठे गेली. "हसत काहून नाही? नका खेळू मंग! काहीच नका करू! बसा, लोळा, मनाले येईल ते करा!"

तिने चेंडू भिरकावला. तो गटाराच्या कडेला जाऊन पडला.

बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"खरंच?" कौशल्याने विचारलं. "कोणी काही म्हणन नाही?"

"नाही म्हणणार कोणी." वर्ष गेलंच, असं दीप्तीने मनाशी धरलं.

मग कौशल्याने पाय पसरले. एकीने रुमाल सोडून केस मोकळे केले. दोघीजणी झाडाच्या पलीकडे जाऊन कुणाच्या तरी सुनेचं काढून बसल्या, आणि थोड्याच वेळात तिकडून फिसफिस हसू ऐकू आलं. अंजनाबाई आपली टाच दाबत आभाळाकडे बघत बसली. सिंधूताईने पदराची घडी डोक्याखाली घेतली आणि कुशीवर आडवी झाली. बघता बघता तिला झोप लागली. तोंड जरासं उघडं राहिलं.

दीप्ती बघतच राहिली. आईला दिवसा झोपलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तापातसुद्धा ती भिंतीला टेकून भाजी चिरत बसायची. दीप्ती तिच्या उशाशी जाऊन बसली.

परीक्षक तिथे आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही पोरीला पास करूनच नागपूरला परतायचं होतं.

"अजून थोडा वेळ आहे," ते म्हणाले. "यांना उठवा आणि एखादा सोपासा खेळ घ्या, म्हणजे मला मार्क देता येतील. नाहीतर मी काय लिहू सांगा, बाया झोपल्या?"

आईच्या ओठावर बसू पाहणारी माशी दीप्तीने हाताने हाकलली.

"हळू बोला, सर," ती म्हणाली.