रंग ओळखायची परीक्षा

सव्वीस वर्षं बाळंतपणं केलेली नर्स वर्ना यंदा पहिल्यांदाच घेतलेल्या रंग ओळखायच्या परीक्षेत साफ नापास झाली. ठिपक्यांतला एकही आकडा तिला दिसेना. आता आली का पंचाईत! बाळंतिणीची पाणमोट फुटली की तपासणीची कागदी पट्टी पिवळ्याची निळी होते, आणि ओहायोतल्या त्या हॉस्पिटलात ही परीक्षा पास झाल्याशिवाय पट्टी वाचायची सोय नव्हती.

लॅबची तपासनीस ब्रिजेट, स्वतःच नववा महिना सांभाळत, फाइल घेऊन वर आली. निकाल बघून तिने कपाळाला हात लावला.

“अहो वर्नाबाई, मग इतकी वर्षं पट्टी वाचलीत तरी कशी? एकदाही चुकला नाहीत!”

“पट्टीकडे बघतंय कोण, पोरी? मी बायकांचे मोजे बघते.”

“काहीतरीच! मोजे कुठल्या नियमात बसतात? आजपासून पट्टीला हात लावायचा नाही. करा इथे सही.”

वर्नाने सही केली, पेन परत दिलं आणि कोपऱ्यातली चाकाची खुर्ची ओढून तिच्यापुढे आणली.

“बस हिच्यात. पट्टीला हात लावत नाही मी, पण तुझे मोजे भिजलेत.”