पावसाची वही

वर्ध्याच्या दप्तरखान्यात जुने नकाशे, गाड्यांची वेळापत्रकं, हवामानाच्या नोंदी सांभाळणाऱ्या कोकिळाला एका वहीचा फार अभिमान होता. तिचा आजा रेल्वेच्या छोट्या लाइनीवर रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. रोज सकाळी आठला स्टेशनावरचा पाऊस मोजून तो या वहीत लिहायचा.

आजा गेला, रूळ उखडले, स्टेशनही पडलं. वहीतल्या नोंदी मात्र थांबल्या नाहीत.

आजचाही आकडा होता, त्याच्याच वळणदार अक्षरात. स्कॅनिंगला आलेल्या माधवीनं तो मोबाइलवर हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि ती खुर्चीवरून उठलीच.

"ताई, बरोब्बर हाय! हे कोण लिहून राह्यलं?"

"आमच्या आज्यानं एक दिवस नाई चुकवला," कोकिळा मान ताठ करून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम आठच्या ठोक्याला आली. वही उघडली. आकड्याच्या जागी आज्याच्या अक्षरात होतं, 'चार्ज दिला.' त्याखाली 'चार्ज घेतला', आणि कोकिळाची सही, तिच्याच हातची.

भीतीच्या आधी तिचा ऊर भरून आला. मग तिनं सहीवर बोट ठेवलं. शाई ओली होती.

पर्समधल्या पेनाचं टोपण तिनं अजून काढलंच नव्हतं.