चांगला पाय

“काका, खाली नाही, समोर बघा!” थेरपिस्ट मुलीनं पुन्हा बजावलं.

दोन दांड्यांच्या मधे शिंपीमास्तर उभे होते. लकव्यानं उजवा पाय लाकूड करून टाकलेला, सगळी मदार डाव्यावर. आज हात न टेकवता पलीकडे पोचले, तर सोमवारी दुकान उघडायचं ठरलं होतं. सवय व्हावी म्हणून बायकोनं त्यांना काल तासभर दुकानात बसवूनही आणलं होतं.

मास्तरांनी मान वर केली आणि ते कोलमडलेच. मुलीनं आणि बायकोनं कसंबसं सावरून त्यांना खुर्चीत बसवलं.

“चांगला पाय धडधाकट आहे, तरी नजर आपली जमिनीवर! नुसते घाबरट झालेत,” बायको म्हणाली. तिला रागही येत होता आणि रडूही.

मुलीनं डाव्या पायातला मोजा उतरवला. आत रक्त सुकलेलं होतं आणि टाचेत टाचणी रुतलेली. दुकानातलीच.

“काका, दुखत नाही?”

“कुठं?” मास्तरांनी वाकून पाहिलं.

मुलीनं त्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेका बोटाला हात लावून विचारलं. मास्तर दर वेळी ‘नाही’ म्हणत राहिले.

“काकू, हा पाय लकव्यानं नाही, मधुमेहानं बधिर झालाय. जमीन लागल्याचं कळत नाही, म्हणून ते खाली बघतात. आता जखम भरेपर्यंत यावर भार द्यायचा नाही.”

“अहो, हृदयाचे डॉक्टर म्हणतात रोज चालवा. तुम्हीच म्हणालात, चांगल्या पायावर जोर द्या. आता म्हणता टेकवू नका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी ऐकू तरी कुणाचं?”

मुलगी पट्टी आणायला आत गेली. सोमवार हातचा गेला, एवढं मात्र बायकोला कळलं.

“कधीपासून हो हे?”

“झाली तीन-चार वर्षं.” मास्तरांची जीभ अजून जड होती.

“आणि मशीन?”

“कानानं चालवायचो. पायडलचा आवाज येतो ना.”

“मग डॉक्टरांना सांगायचं नाही?”

“विचारलं कुणी? जो तो उजव्याचीच चौकशी करतोय.”

बायको खाली बसली. तिनं त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. आधी कोणत्या पायावरून हात फिरवावा, तेच तिला कळेना.