बोटाची वाट

आजोबा चितारी होते. मक्केला न जाताच त्यांनी ऐकीव माहितीवर मक्केचं चित्र काढलं, त्यामुळे त्यात खजुरांऐवजी नारळाची झाडं आली. दृष्टी गेलेली, अंथरुणाला खिळलेली अम्मी त्यावर बोट टेकवून, रंगाचे पोपडे आलेल्या खरखरीत काब्याभोवती, हजला गेल्यासारख्या, रोज सात फेऱ्या घालायची. रंग झडायला लागला म्हणून भावानं चित्र दुरुस्तीला दिलं. ते काचेसारखं गुळगुळीत होऊन आलं. "बघ अम्मी, नवंकोरं," तो कौतुकानं म्हणाला. अम्मीचं बोट कागदभर भिरभिरलं. "काबा कुठाय रे?" मी बोट धरून काब्याजवळ नेलं. तिनं हात सोडवून घेतला. "तू फिरवलंस तर फेरी तुझी होईल." बोट एकटंच निघालं आणि चित्राबाहेर चादरीवर जाऊन चाचपडत राहिलं. भावानं मान खाली घातली. मी सुरी आणली, डोळे मिटले आणि माझ्या बोटाला जाणवेपर्यंत आजोबांचा काबा खरवडत राहिले.