हजाराचं घर

मास्तरांच्या पत्राला त्याने उत्तर दिलंच नव्हतं. शाळेत त्याला गणित शिकवलेल्या मास्तरांनी ते शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. "डोळ्याच्या ऑपरेशनच्या रांगेत माझा नंबर एक हजार तीन. तू त्याच इस्पितळात कम्प्युटरवर असतोस म्हणून विचारतो, कधी लागेल?" रांग अजून सहाशेच्या आसपास रेंगाळत होती. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला 'दोन वर्षं थांबा' हे कोणत्या तोंडाने लिहायचं? आणि वशिला लावायचा, तर तेवढी छाती त्याच्याकडे नव्हती.

त्या दिवशी शेजारच्या टेबलावरची सहकारी हसत म्हणाली, "अहो, तुमच्या कोबोल प्रोग्रॅमने कमाल केली! नंबराला तुम्ही तीनच आकड्यांची घरं दिलीत. हजाराच्या पुढचा नंबर आला की डावीकडचा एक गुपचूप गळतो, मशीन हूं की चूं करत नाही. हे बघा, एक हजार तीनचे झाले तीन. पुढच्या सोमवारच्या यादीत हे आजोबा चक्क वर!"

त्याने यादी पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"चौथं घर वाढवून टाकते. पाच मिनिटांचं काम."

"राहू द्या. पुढच्या आठवड्यात मी बघतो."

"तुम्ही? चूक दिसली की तुम्ही जेवायलासुद्धा उठत नाही!"

संध्याकाळी घरी जाताना त्याने पोस्टाच्या पेटीत एक कार्ड टाकलं. "मास्तर, सोमवारी सकाळी या. उपाशीपोटी."