डोंगळे सोडून

लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांना शिरा वाढायला सांगून रंभाजी शेतात गेला, मधमाश्यांची पेटी उघडली आणि बघतच राहिला. समोर बियाण्यासाठी राखलेले कांद्याचे डोंगळे फुललेले, आणि माश्या त्यांच्यावरून थेट घराकडं सुटल्या!

कांद्याच्या फुलाला माशी नाक मुरडते, म्हणून त्यानं एका साहेबाचं ऐकलं होतं. ती फुलं आणि चिमूटभर कॉफी साखरेच्या पाकात उकळून पाजायची. कॉफीनं तो वास माशीच्या मेंदूत पक्का बसतो. पाक लेकीनंच केलेला.

धापा टाकत तो घरी पोचला, तर ताटात शिरा दिसेना, नुसत्या माश्या! नवरदेव पलंगाखाली, त्याची आई गोधडीत.

"मोडली सोयरीक!" रंभाजीनं कपाळ बडवलं. "शेवंते, पाकात काय घातलंस गं?"

"वेलची. शिऱ्यात घालते तशीच." लेक रडवेली झाली. "दादा, माश्या पण पाहुण्याच की आपल्या. कोरा पाक कसा पाजायचा?"

"बाळ्या, नीघ बाहेर," गोधडीतून आवाज आला. "पोरगी पसंत आहे मला."

रंभाजीनं आ वासला, आणि माशी शिरेल म्हणून लगेच तोंड मिटलं.