चौथं पिंप

इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या बागेतल्या मैदानावर घरच्या संघाचा सातवा गडी बाद झाला, तेव्हा सिरिल बिअरच्या तंबूतून पहिला ग्लास घेऊन परत आला आणि विल्फच्या शेजारच्या खुर्चीत बसला. ग्लास त्याने गवतावरच ठेवला.

विल्फने मांडीवरच्या वहीत लिहिलं, ‘पी.’

“तुझ्यासमोर मला उतरत नाही रे.”

‘मग आलो कशाला?’

अकरा वर्षं दोघं इथे येत होते. चार दिवस काउंटी क्रिकेट आणि मैदानाच्या कडेला तंबूत भरलेला बिअरचा मेळा. विल्फने जन्मभर बस दुरुस्त केल्या, सिरिलने टपाल वाटलं. दुसरी चैन दोघांनाही ठाऊक नव्हती. जानेवारीत विल्फच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता त्याला बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. जेवण पोटातल्या नळीतून जायचं. तरी मेळ्यातल्या बिअरच्या यादीवर त्याने यंदाही घरूनच खुणा करून आणल्या होत्या.

सिरिलने घोट घेतला. “कडू आहे.”

‘औषधही कडू असतं. नीट सांग.’

असलं बोलायची सिरिलला सवय नव्हती. त्याने दुसरा घोट तोंडात घोळवला. “संत्र्याच्या सालीसारखी. आणि मागाहून... करपलेल्या पावाची कड असते ना, तसं काहीतरी.”

विल्फने डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ किंचित हलले.

दुसरी मधासारखी निघाली. तिसरीबद्दल सिरिल म्हणाला, “ही घोड्यालाही पाजू नये,” आणि विल्फचे खांदे हसून हलले. मैदानावर आठवा गडी गेला.

चौथी विल्फच्या गावची काळी. चौदाव्या वर्षी बापाने त्याला पहिला घोट दिला तो हिचाच. यादीत तिच्या नावाभोवती दोन वर्तुळं होती.

सिरिलने ग्लास तोंडाला लावला. बिअर आंबली होती. व्हिनेगरसारखी जिभेला झोंबली. विल्फ डोळे मिटून वाट बघत होता. सिरिलने घोट गिळला, आणखी एक घेतला.

“तशीच आहे,” तो म्हणाला. “अगदी पूर्वीसारखी. कॉफी, काकवी... आणि तो धुराचा वास.”

विल्फच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही.

एवढ्यात तंबूत बिअर ओतणारी बाई एप्रनला हात पुसत लगबगीने आली. “आजोबा, ती काळी पिऊ नका. पिंपच आंबलंय, सगळ्यांची परत घेतेय.” तिने ग्लास उचलून बघितला. “अर्धा संपवलात? कळलं नाही तुम्हाला?”

ती ग्लास घेऊन गेली. विल्फ सिरिलकडे बघत राहिला. मग त्याने लिहिलं, ‘आधीच्या तीन?’

“त्या खऱ्या. आईशप्पथ.”

विल्फने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, सिरिलला समजेना. नववा गडी बाद झाला. शेवटचा फलंदाज सावकाश चालत खेळपट्टीकडे निघाला. विल्फची पेन्सिल बराच वेळ कागदावर नुसती टेकून होती.

त्याचा आवाज गेल्यापासून हॉस्पिटलचे फोन सिरिलच घ्यायचा. काल सकाळी हॉटेलच्या जिन्यात उभं राहून त्याने असाच एक घेतला होता आणि वर येऊन सांगितलं होतं, तपासणीची तारीख तेवढी बदललीय.

विल्फने वही त्याच्यापुढे धरली.

‘काल फोनवर काय म्हणाले?’

सिरिलने वाचलं.

मैदानावर शेवटच्या फलंदाजाचा त्रिफळा उडाला. सामना संपला. आसपासच्या म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे चार टाळ्या वाजवल्या आणि ते आपापले डबे आणि छत्र्या आवरायला लागले. सिरिलही टाळ्या वाजवू लागला. खेळाडू आत गेले, पंचांनी यष्ट्या उपटल्या, शेजारची माणसं वळून बघायला लागली, तरी तो वाजवतच राहिला.